सर्क्युलर सॉने अ‍ॅक्रिलिक शीट कापताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

अ‍ॅक्रिलिक शीट प्लास्टिकची असली तरी काचेसारखी दिसते आणि ती लाकडासारखी कापता येते असे दुकानदार सांगतो, परंतु तिचा स्वभाव गुळाच्या ढेपेशी अधिक जुळतो. थंड असताना ती कडक व ठिसूळ असते आणि घाव बसला की टवका उडतो. ऊब लागली की ती मऊ होऊन हत्याराला चिकटते. सुमारे 100 अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते, आणि तिची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण एक हजारांश एवढीच असल्यामुळे ब्लेडच्या घर्षणाने निर्माण झालेली उष्णता शीटभर पसरत नाही, ती कापाच्या रेषेवरच साठून राहते. तिला तेथून हलवण्याचे मुख्य साधन म्हणजे उडणारा भुसा. दात्याने शीट घासण्याऐवजी कापावी आणि कापलेल्या कणाने उष्णता आपल्यासोबत बाहेर न्यावी, यासाठीच पुढील बहुतेक सूचना आहेत.

करवत खरोखर लागते का?

दोन किंवा तीन मिमी जाडीच्या शीटवर सरळ काप हवा असेल तर करवत बाहेर काढण्याची गरज नसते. पोलादी पट्टी धरून आकड्यासारख्या टोकाच्या प्लास्टिक कटरने सहा-सात वेळा खोल ओरखडा काढावा, शीट टेबलाच्या कडेवर ठेवून एका झटक्यात खाली दाबावी, म्हणजे ती रेषेवर तुटते. अक्षरे, गोलाई, आतल्या खिडक्या यांसाठी जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याची करवत, वापरावी किंवा लेझर कटिंगवाल्याकडे जावे. सर्क्युलर सॉने, म्हणजे गोल फिरत्या ब्लेडच्या करवतीने, वळण घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तीन ते बारा मिमी जाडी, लांब आणि सरळ काप, एकसारखे अनेक तुकडे, अशा कामात मात्र सर्क्युलर सॉला तोड नाही. दुकानाचा नामफलक, मूर्तीवर ठेवण्याची पारदर्शक पेटी, कपाटाची सरकती दारे ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत.

शीट निवडताना

बाजारात कास्ट आणि एक्स्ट्रुडेड अशा दोन प्रकारच्या शीट मिळतात आणि नवख्याने हा प्रश्न दुकानदाराला स्पष्टपणे विचारावा. कास्ट शीट साच्यात ओतून केलेली असते. तिच्या रेणूंच्या साखळ्या लांब असल्यामुळे ती कापताना कमी वितळते आणि भुसा कोरडा पडतो. एक्स्ट्रुडेड शीट यंत्रातून दाबून काढलेली असते. ती स्वस्त असते, जाडीत एकसारखी असते, पण लवकर मऊ होते, आणि ब्लेड पुढे गेल्यावर मागचा काप पुन्हा चिकटून बसतो. पहिल्या कामासाठी कास्ट शीटच घ्यावी. मात्र तिची जाडी सर्वत्र सारखी नसते. पाच मिमीच्या शीटमध्ये अर्ध्या मिमीचा फरक पडणे अगदी शक्य आहे, म्हणून खाच पाडून बसवायचे काम असेल तर व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापकाने, प्रत्यक्ष मोजावे.

8 बाय 4 फुटांची, म्हणजे 2440 बाय 1220 मिमीची, पाच मिमी जाड शीट साधारण साडेसतरा किलो भरते. ती एकट्याने उचलल्यास मध्ये वाकते, हेलकावे खाते आणि कोपरा आपटून टवका उडतो. शक्य असेल तर दुकानातूनच तिचे ओबडधोबड दोन-तीन भाग करून घ्यावेत आणि अंतिम माप घरी कापावे. शीट आडवी, सपाट ठेवावी. भिंतीला टेकवून महिनाभर ठेवलेल्या शीटला बाक येतो.

यंत्र

हाती धरायच्या यंत्रांत 185 मिमी, म्हणजे सव्वासात इंची ब्लेडची सर्क्युलर सॉ या कामाला सर्वांत योग्य ठरते. ती मिनिटाला साधारण पाच ते साडेपाच हजार फेरे घेते, तिला मागे-पुढे हलणारे खालचे सुरक्षा-कवच असते आणि तळाची पट्टी रुंद असते. वेग कमी-जास्त करण्याची सोय असलेले यंत्र मिळाल्यास अधिक चांगले.

आपल्याकडे सुतार आणि फॅब्रिकेटर सर्रास चार इंची मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून काम भागवतात. ते यंत्र मुळात फरशी कापण्यासाठी बनवलेले आहे. त्याला खालचे हलते कवच नसते आणि त्याचा वेग मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांपर्यंत जातो. धोक्याची बाब बाजूला ठेवली तरी वेगाचा हिशेब पाहावा. 60 दात्यांचे 185 मिमीचे ब्लेड 5000 फेऱ्यांनी फिरत असेल तर मिनिटाला तीन लाख दाते शीटला भिडतात. हात मिनिटाला तीन मीटर या गतीने पुढे जात असेल, तर प्रत्येक दात्याच्या वाट्याला मिमीचा शंभरावा भाग येतो. मार्बल कटरवर 40 दात्यांचे ब्लेड 13000 फेऱ्यांनी फिरवल्यास त्याच गतीत प्रत्येक दात्याला त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक मिळते. एवढ्या बारीक कणाचा काप होत नाही, घासणी होते, आणि शीट वितळते. म्हणूनच ज्यांच्याकडे मार्बल कटरच आहे त्यांची तक्रार नेहमी एकच असते, की कडा चिकट येतात.

अँगल ग्राइंडरवर दातेरी ब्लेड लावणे हा तर सरळ अपघाताचा मार्ग आहे. ब्लेड अडकले की ते यंत्र हातातून सुटते आणि त्याचे कवच या कामासाठी बनलेलेच नसते. ते कोणी कितीही सफाईदारपणे करून दाखवले, तरी करू नये.

कार्यशाळेत टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या ब्लेडची करवत, असेल तर दहा इंची, 80 दात्यांचे ब्लेड लावून उत्तम काप मिळतो. या लेखात मुख्य विचार हाती धरायच्या यंत्राचा केला आहे, कारण नवख्याकडे बहुधा तेच असते.

ब्लेड

यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष ब्लेडकडे द्यावे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानात नुसते 'सातचे ब्लेड' मागितले तर 24 दात्यांचे, लाकूड झपाट्याने फाडणारे ब्लेड हातात पडण्याची शक्यता अधिक. आपल्याला टीसीटी, म्हणजे कार्बाइडची टोके बसवलेले, अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकसाठी असलेले, 60 दात्यांच्या आसपासचे ब्लेड हवे.

दात्यांचा आकार नीट पाहावा. लाकडाच्या ब्लेडमध्ये दाते आलटून-पालटून डाव्या-उजव्या बाजूला तिरपे घासलेले असतात आणि त्यांची अणकुचीदार टोके अ‍ॅक्रिलिकचे टवके उडवतात. ट्रिपल चिप प्रकारात एक दाता दोन्ही कोपरे उतरवलेला आणि किंचित उंच असतो, तो मधली वाट काढतो. पाठोपाठ येणारा सपाट दाता दोन्ही बाजू साफ करतो. अ‍ॅक्रिलिकसाठी हाच प्रकार घ्यावा. दाते पुढे फार झुकलेले नसावेत. हाती धरायच्या यंत्रासाठी शून्य अंश किंवा किंचित मागे कललेले दाते चांगले, कारण ते शीटमध्ये स्वतःहून घुसत नाहीत.

जितके दाते अधिक तितका काप गुळगुळीत, ही समजूत इथे अर्धीच खरी आहे. वरच्या हिशेबावरून लक्षात येईल की दाते वाढवून हात संथ ठेवल्यास घासणीच वाढते. दहा-बारा मिमीच्या जाड शीटला 40 ते 48 दाते पुरतात, तर तीन-चार मिमीच्या पातळ शीटला 60 हवेत.

खरेदी करताना दोन गोष्टी तपासाव्यात. ब्लेडच्या मधले भोक यंत्राच्या दांड्याशी जुळले पाहिजे, आणि ब्लेडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असली पाहिजे. दगडासाठीचे डायमंड ब्लेड अ‍ॅक्रिलिकला लावू नये. त्याला दातेच नसतात, ते केवळ घासते. लाकडावर वापरलेले, डिंक-राळ चिकटलेले ब्लेडही बाजूला ठेवावे. अ‍ॅक्रिलिकसाठी एक ब्लेड वेगळे राखून त्यावर मार्करने तसे लिहून ठेवले, तर ते पुष्कळ दिवस धारदार राहते.

मापे आणि मांडणी

शीटवरचा संरक्षक कागद किंवा फिल्म कापण्याआधी काढू नये. रेषा त्याच कागदावर आखावी. उघड्या पृष्ठभागावर टोकदार वस्तूने ओढलेली रेघ कायमची राहते. फिल्म फार पातळ असेल, तर ती कापताना गोळा होऊन दात्यांना चिकटते. अशा वेळी रेषेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावावी.

ब्लेड स्वतःच्या जाडीएवढी शीट खाते, साधारण दोन मिमी. 1220 मिमी रुंदीच्या शीटचे चार समान पट्टे हवे असतील आणि 305, 610, 915 अशा रेषा आखून ठेवल्या, तर तीन कापांत सहा मिमी उडून जातात आणि चार पट्ट्यांची बेरीज 1214 मिमीच भरते. त्यामुळे एक रेषा आखावी, कापावी, मग नव्या कडेपासून पुढचे माप घ्यावे. तापमानाचाही विचार करावा. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.07 मिमी वाढते. उन्हात तापलेली आठ फुटी शीट मोजून कापली आणि ती पंधरा अंशांनी थंड झाली, तर लांबी अडीच मिमीने कमी भरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे काम दुपारी करण्याऐवजी सकाळी करणे दोन्ही अंगांनी हिताचे आहे, कारण आधीच तापलेली शीट लवकर वितळते.

सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येत कापतात, म्हणून टवके वरच्या पृष्ठभागावर उडतात. चांगली बाजू खाली ठेवावी. टेबल सॉवर दाते वरून खाली जातात, म्हणून तिथे चांगली बाजू वर असावी.

आधार हा या कामाचा अर्धा भाग आहे. दोन टेबलांच्या मध्ये शीट टाकून फटीवर काप घेतला, की शेवटी दोन्ही भाग आत झुकतात आणि ब्लेड चिमटीत सापडते. जमिनीवर किंवा टेबलावर जुना प्लायवूड अथवा दोन इंची कडक थर्माकोल पसरावा, त्यावर संपूर्ण शीट ठेवावी आणि ब्लेड त्या आधारातही थोडे शिरू द्यावे. शीटचा कोणताही भाग हवेत राहता कामा नये, कारण जो भाग थरथरतो तिथेच टवका उडतो. तीन मिमीच्या शीटवर वरूनही पातळ हार्डबोर्ड ठेवून दोन्ही एकत्र कापल्यास थरथर जवळजवळ थांबते.

हाताच्या अंदाजाने सरळ काप येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी किंवा प्लायवूडची कारखान्यात कापलेली सरळ कड शीटवर दोन सी-क्लॅम्पने घट्ट बसवावी आणि यंत्राची तळपट्टी तिला टेकवून चालवावी. तळपट्टीच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचे अंतर एकदा टाकाऊ तुकड्यावर कापून मोजावे आणि ते यंत्रावरच लिहून ठेवावे. क्लॅम्पच्या जबड्याखाली रबराचा किंवा लाकडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर तिथे ओरखडा उमटतो.

ब्लेड किती खाली सोडावे

ब्लेड शीटच्या खाली पाच-सहा मिमी, म्हणजे दोन सुतांपेक्षा थोडे कमी, बाहेर यावे. यामागे साधी भूमिती आहे. 185 मिमीचे ब्लेड पाच मिमीच्या शीटखाली पाच मिमी बाहेर असेल, तर दाता तिरका चढत शीटमधून सुमारे 13 मिमी वाट कापतो. 60 दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांतले अंतर दहा मिमीच्या किंचित आत असते, त्यामुळे किमान एक दाता कायम शीटमध्ये असतो. तेच ब्लेड 40 मिमी खाली सोडले, तर दाता जवळजवळ उभा चढतो, वाट सहा मिमीच उरते, आणि एक दाता बाहेर पडल्यावर दुसरा येईपर्यंत शीट मोकळी असते. मग प्रत्येक दाता हातोडीच्या घावासारखा बसतो. दहा मिमीपेक्षा जाड शीटला मात्र ब्लेड थोडे अधिक खाली सोडावे, कारण तिथे वाट फार लांबली की उष्णता वाढते.

कापण्याआधीची काळजी

ब्लेड बदलताना किंवा खोली ठरवताना प्लग काढलेला असावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा, कारण अ‍ॅक्रिलिकचा टवका काचेच्या कणासारखा टोकदार असतो. कानांना संरक्षण आणि तोंडाला धुळीचा मास्क लावावा. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, हातातले कडे काढून ठेवावे. फिरत्या ब्लेडजवळ कापडी हातमोजेही घालू नयेत, ते दात्यात अडकून हात ओढून नेतात. केबल काप घेण्याच्या रेषेच्या मागे, खांद्यावरून घ्यावी. यंत्राच्या अगदी मागे उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे, कारण ब्लेड अडकले तर यंत्र त्याच रेषेत मागे उसळते. अ‍ॅक्रिलिक जळते, त्यामुळे शेजारी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर ते थांबेपर्यंत काम सुरू करू नये.

प्रत्यक्ष काप

पहिला काप नेहमी त्याच शीटच्या टाकाऊ पट्टीवर घ्यावा. यंत्र तळपट्टीवर सपाट ठेवावे, ब्लेड शीटला स्पर्श करत नाही याची खात्री करून बटण दाबावे आणि ब्लेड पूर्ण वेगाला येऊ द्यावे. मग सावकाश आत शिरावे, दाते शीटमध्ये गेल्यावर गती वाढवून सेकंदाला साधारण पाच सेंटीमीटर ठेवावी. या हिशेबाने चार फुटांचा काप सुमारे 25 सेकंदांत पूर्ण होतो. नवखा माणूस घाबरून हात आखडता घेतो, आणि बहुतेक वितळलेल्या कडा त्या संकोचातूनच येतात. उलट जोराने ढकलल्यास टवके उडतात. यंत्राचा आवाज एकसारखा राहिला पाहिजे. तो जड होऊ लागला तर हात थोडा सैल करावा, फार मोकळा वाटला तर थोडा पुढे न्यावा.

मध्येच थांबू नये. थांबावेच लागले तर बटण सोडावे, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत यंत्र जागीच धरावे आणि मगच उचलावे. फिरते ब्लेड कापातून मागे ओढणे धोक्याचे असते. पुन्हा सुरू करताना दोन सेंटीमीटर मागून, मोकळ्या कापात ब्लेड वेगाला आणून पुढे जावे. शेवटचे दोन इंच पुन्हा संथ न्यावेत, कारण बाहेर पडताना कोपरा तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. तिथे शीटच्या कडेला एक लाकडी पट्टी चिकटवून ठेवली आणि काप तिच्यात संपवला, तर कोपरा शाबूत राहतो.

काप थंड ठेवण्यासाठी ब्लेडवर मेणाची कांडी घासता येते, अर्थात यंत्राचा प्लग काढून. कॉम्प्रेसर असेल तर हवेचा झोत कापावर सोडावा. विजेवर चालणाऱ्या हातयंत्राजवळ पाणी मात्र मुळीच वापरू नये.

भुसा आणि कड पाहून निदान

परीक्षेचा काप झाला की आधी जमिनीकडे पाहावे. भुसा पांढरा, कोरडा, खसखशीहून बारीक आणि चिमटीत घेतल्यास सुटा राहणारा असेल तर सर्व ठीक आहे. त्यात मऊ दोऱ्यासारखे तंतू दिसले, किंवा कापाच्या कडेला मोत्यासारखे गोळे चिकटून बसले, तर उष्णता वाढली आहे. सोबत गोडसर-उग्र वासही वाढतो. अशा वेळी हात जरा जलद न्यावा, यंत्राला वेगाची सोय असल्यास फेरे कमी करावेत, आणि ब्लेडचे दाते चिकट झाले आहेत का ते पाहावे. काप मागे पुन्हा जुळून आला असेल तर ती शीट एक्स्ट्रुडेड असण्याचा संभव दाट आहे. तिथे दाते कमी असलेले ब्लेड वापरावे.

कडेवर टवके असतील तर कारण सहसा तीनांपैकी एक असते: आधार अपुरा, ब्लेड फार खाली, किंवा दाते बोथट. कडेवर समान अंतरावर तिरक्या कमानी दिसत असतील तर ब्लेड डगमगत आहे. नट, फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या) यांमध्ये भुसा अडकलेला नाही ना हे पाहून ब्लेड पुन्हा बसवावे.

कडा आणि जोडणी

चांगल्या कापाची कड पांढुरकी पण सपाट असते. ती आधी हेक्सा ब्लेडच्या (धातू कापायच्या हातकरवतीच्या पात्याच्या) पाठीने, एकाच दिशेने ओढत खरवडावी. दोन-तीन ओढींत ब्लेडच्या खुणा जातात. मग 220, 400 आणि 600 नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून क्रमाने फिरवावा आणि चकाकी हवी असल्यास बफिंग करावे. काही जण ज्योतीने कड चमकवतात. तिने काम झटपट होते, परंतु कडेत ताण साठतो, म्हणून जी कड पुढे चिकटवायची आहे तिला ज्योत दाखवू नये.

फॅब्रिकेटर मंडळी जोडासाठी क्लोरोफॉर्म वापरतात. तो विषारी असल्यामुळे मोकळ्या हवेत, बाष्प श्वासात जाणार नाही अशा रीतीनेच हाताळावा. घरातल्या बंद खोलीत तो उघडू नये. कापताना वितळलेल्या कडेला असा द्रव लागला की काही वेळाने, कधी काही दिवसांनी, केसासारख्या बारीक तडा दिसू लागतात. पेटीसारखे महत्त्वाचे काम असल्यास तुकडे जोडण्याआधी सुमारे 80 अंशांच्या नियंत्रित भट्टीत काही तास ठेवून हळूहळू थंड करून घेतले जातात. ती सोय नसेल, तर वितळलेला थर खरवडून पूर्ण काढावा. याच कारणाने तयार वस्तू पुसताना थिनर, अ‍ॅसिटोन, स्पिरिट किंवा काचेसाठीचे अमोनियायुक्त द्रव वापरू नयेत. कोमट पाण्यात सौम्य साबण आणि मऊ सुती फडके पुरते. भुसा स्थिर विजेमुळे शीटला चिकटून राहतो. त्यावर कोरडे फडके फिरवल्यास बारीक ओरखडे उमटतात, म्हणून आधी फुंकून किंवा पाण्याने धुऊन मगच पुसावे.